वैष्णवीच्या लग्नाचे घोंगडे देशातच राहू देण्याबाबत

कळस, ता. इंदापूर, जि. पुणे
दिनांक : ८ एप्रिल १९९९

प्रति,
मा. प्रमुख अधिकारीसाहेब,
ग्रामीण निर्यात वृद्धी कक्ष,
बारामती.

विषय : नऊ हाती काळे घोंगडे, नग एक, निर्यात न करता नातीच्या लग्नात अंथरू देण्याबाबत, आणि त्यासंबंधी माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे पत्र, दि. १४ ऑगस्ट १९९७ (उत्तर दिलेले नाही).
२) आपल्या निरीक्षकांनी केलेला पंचनामा, दि. ९ फेब्रुवारी १९९९.
३) आपल्या कक्षाचे निमंत्रण, दि. २२ मार्च १९९९.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चे आपले पत्र मला २० ऑगस्ट १९९७ रोजी मिळाले. त्याला मी उत्तर दिले नाही. हे एवढे वाक्य लिहायला मला एक वर्ष सात महिने लागले, म्हणून तेच आधी लिहिले.

२. पत्रातला मजकूर असा होता : "आपल्या घटकाची नोंद शंभर टक्के निर्यातप्रधान घटक म्हणून करण्यात येत आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. न कळविल्यास आपली संमती गृहीत धरण्यात येईल." मी त्याच दुपारी उत्तर लिहायला बसलो. 'मी निर्यातदार नाही' असे लिहिले, ते उद्धट वाटले. मग 'मी निर्यातदार आहे असे मला वाटत नाही' असे केले. त्यात माझी मलाच खात्री नसल्याचे दिसू लागले, आणि विचार केल्यावर ती खरोखरच नव्हती. तिसाव्या दिवशी मसुदा बरा उतरला, पण बारामतीची एस.टी. निघून गेली होती. एकतिसाव्या दिवसापासून त्यात उशिराबद्दल दिलगिरी घालणे भाग पडले, आणि ती दिलगिरी दर आठवड्याला थोडी वाढवावी लागे. पुढे तर तिच्याखाली मूळ मुद्दा सापडेना. असे मसुदे एकूण त्रेसष्ट झाले. ते सोबत जोडलेले नाहीत.

३. मी बारामतीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. वय चौसष्ट. माझी थोरली बहीण कुशाबाई, वय शहात्तर, विधवा, माझ्याकडेच राहते. आमच्या घरात पूर्वी मेंढरे होती, आता शेती आहे आणि मुलगा तीच करतो. मेंढरे गेली तरी कुशाबाईने माग सोडला नाही. ती लोकर विकत आणून कातते, चिंचोक्याची खळ लावते आणि वर्षाकाठी एखादे घोंगडे विणते. हे घोंगडे आम्ही कधी विकत नाही. ते बिरदेवाला तरी जाते, नाहीतर घरातल्या लग्नाला. आमच्यात नवरा-नवरीला एकाच घोंगड्यावर बसवतात, आणि ते नवरीच्या घरच्या सर्वांत वडील बाईच्या हातचे असावे लागते. कुशाबाईने आजवर अशी अकरा लग्ने बसवली आहेत.

४. सन १९९४ मध्ये बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रक्रिया कारखान्यात यंत्र बसवण्यासाठी डेन्मार्कहून इंगर नावाच्या एक अभियंता बाई आल्या होत्या. त्या इंग्रजी वर्तमानपत्र वाचायला आमच्या ग्रंथालयात येत. मला बोलायला संकोच वाटे, म्हणून मी त्यांना चिठ्ठीवर लिहून उत्तरे देत असे. कारखान्याच्या शीतगृहात त्यांना फार थंडी वाजते असे त्यांनी एकदा सांगितले. आपल्या बारामतीत डेन्मार्कच्या माणसाला थंडी वाजावी याचे मला वाईट वाटले, आणि मी माझ्या अंगावरचे घोंगडे त्यांना दोन महिने वापरायला दिले. त्यांनी ते जाताना धुऊन परत केले. पुढे त्यांनी कुशाबाईला तिकडून लोकर कातरायची एक उत्तम कातर पाठवली. कुशाबाई म्हणाली, "फुकाटचं कुणाचं ठेवू न्हाय बाबा. तिला बी एक घोंगडं जाऊ दे." त्याप्रमाणे जानेवारी १९९६ मध्ये मी बारामतीच्या टपाल कचेरीतून एक घोंगडे डेन्मार्कला रवाना केले.

५. त्यानंतर परदेशी पार्सल पाठवणाऱ्यांना आपल्या कक्षाकडून एक माहितीपत्रक आले. त्यात 'भेट की मोबदल्यात?' असा रकाना होता. कातर आधी आली होती व घोंगडे नंतर गेले होते, तेव्हा भेट म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. मी 'मोबदल्यात' असे लिहिले आणि मोबदल्याच्या रकान्यात 'कातर, नग १' असे भरले. सातव्या रकान्यात 'एकूण विक्रीपैकी निर्यातीचे शेकडा प्रमाण' विचारले होते. आम्ही जन्मात एकच घोंगडे मोबदल्यात दिले होते आणि ते परदेशी गेले होते. दोन वेळा भागाकार करून पाहिला. उत्तर शंभर आले. मी शंभर लिहिले.

६. वरील आकडा चूक नाही, हीच माझी अडचण आहे.

७. नोंद झाल्यावर तिचे परिणाम समजून घ्यावेत म्हणून मी गेल्या पावसाळ्यात बारामतीचे करसल्लागार आप्पासाहेब वाबळे यांच्याकडे गेलो. त्यांनी उठून माझा हात हातात घेतला. "आबा, नशीब काढलंत! आधी निर्यातप्रधान घटकाला पाच वर्षं आयकर माफ होता. आता नव्या दुरुस्तीत दहा वर्षं केलाय." मी म्हणालो, माझ्या पेन्शनला मुळात करच लागत नाही. त्यावर ते म्हणाले, "ते बाहेर बोलू नका. आत्तापर्यंत तुम्ही नुसता भरत नव्हता. आता कलमाखाली भरणार नाही. इज्जत वाढली की नाही?" मग त्यांनी निर्यातीचे परकीय चलन मुदतीत देशात आले होते का, असे विचारले. मी कातरीचे सांगितले. ते बराच वेळ कायद्याच्या पुस्तकात शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "कातरीबद्दल कायदा गप्प आहे. आपणही गप्प बसू." त्यांच्या सल्ल्यात दोष काढण्याची माझी योग्यता नाही, पण त्या रात्रीपासून मला आपण काहीतरी दडवतो आहोत असे वाटू लागले.

८. आता मुख्य तक्रारीकडे येतो. माझी नात वैष्णवी हिचे लग्न येत्या अक्षय्यतृतीयेला, म्हणजे १८ एप्रिलला, इथलाच मल्हार याच्याशी ठरले आहे. मल्हार एमआयडीसीत कामाला आहे आणि रोज मोटारसायकलने ये-जा करतो. संक्रांत झाल्यावर कुशाबाईने वैष्णवीसाठी माग जोडला. पाच हात विणून झाले होते आणि चार हात राहिले होते, तेव्हा ९ फेब्रुवारीला आपले निरीक्षक श्री. सुयश रणपिसे आमच्या घरी आले. हे गृहस्थ अतिशय सभ्य आहेत, त्यांनी चपला बाहेर काढल्या. त्यांनी मागाची पाहणी केली, पंचनामा लिहिला आणि अर्ध्या घोंगड्याला 'केवळ निर्यातीसाठी' अशी चिठ्ठी शिसाच्या सीलने बांधली. आमचा घटक शंभर टक्के निर्यातप्रधान असल्याने त्याचे उत्पादन परवानगीशिवाय देशात वापरता येत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले.

९. कुशाबाईने विचारले, "म्हंजी माझ्या हातचं घोंगडं माझ्याच नातीला न्हाय द्यायचं?" श्री. रणपिसे यांनाही वाईट वाटले असावे, कारण त्यांनी चहा अर्धाच घेतला व धोरणाचे पुस्तक काढले. नव्या धोरणानुसार जेवढी निर्यात झाली तिच्या निम्म्याइतका माल देशात देता येतो, असे त्यात निघाले. आमची निर्यात एक घोंगडे. तेव्हा अर्धे घोंगडे देशात वापरायला हरकत नाही, असे ते म्हणाले आणि खडूने मधोमध रेघ मारून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. रेघेच्या अलीकडे वैष्णवीने बसावे. त्यावर कुशाबाई जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण पंचनाम्यात ते घेतलेले नाही : "आन् नवरा कुठं बसवू? डेन्मार्कात?"

१०. आणखी एक घोंगडे निर्यात केल्यास देशासाठी एक पूर्ण घोंगडे मोकळे होईल, असाही मार्ग श्री. रणपिसे यांनी सुचवला. त्यासाठी परदेशातून मागणी यावी लागते. इंगरबाईंना आपण एका घोंगड्याची मागणी करावी अशी मागणी करणारे पत्र मी लिहून पाहिले. ते मला भीक मागितल्यासारखे वाटले. शिवाय ते घोंगडे विणायचे कोणत्या मागावर, हा प्रश्न उरतोच.

११. कुशाबाईने त्या दिवसापासून मागाला हात लावला नाही. मी तिला म्हणालो की चिठ्ठी एका कडेला आहे, विणायला काही अडचण नाही. ती म्हणाली, "सरकारचा कागूद हाय त्यो. तुज्यासारखा शिकल्याला मानूस गप बसतोय, तितं मी कोन?" ती रोज सकाळी मागापाशी जाऊन बसे आणि हात मांडीवर ठेवून उठे. सूनबाईने बाजारातून तयार चादर आणू असे सुचवले, तेव्हा ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. वैष्णवी म्हणाली, "आत्याआजी, मी बसंन चादरीवर, काय बिघडतंय?" त्यावर तिने एवढेच विचारले, "मग मी कशाला ऱ्हायलीय?" असे पंचेचाळीस दिवस गेले. आपल्याकडे परवानगीसाठी अर्ज करणे माझे काम होते. मी रोज तो लिहीत होतो.

१२. शुक्रवार, २६ मार्च रोजी आपल्या कक्षाचे संदर्भ क्र. ३ चे पाकीट आले. कुशाबाई ओट्यावरच होती. पाकिटावरचा सिंहाचा शिक्का पाहून ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "धोंडू, आलं का रं? वाच."

१३. महोदय, ते 'करकायद्यातील अलीकडील बदल व निर्यात प्रोत्साहन धोरण' या विषयावर बारामतीत भरणाऱ्या परिसंवादाचे निमंत्रण होते. चहापानाची वेळ दिली होती. मी ते उघडून उभ्याने वाचले ते असे : "श्रीमती कुशाबाई यांस कळविण्यात येते की, आपण विणत असलेले घोंगडे आपली नात वैष्णवी हिला देण्यास सरकारची पूर्ण परवानगी आहे. काम लवकर पुरे करावे." मी हे न अडखळता वाचले. त्रेसष्ट मसुद्यांत मला जी भाषा साधली नाही ती कशी सुचली, ते मला सांगता येत नाही.

१४. कुशाबाईने कागद हातात घेऊन कपाळाला लावला आणि म्हणाली, "सरकार वंगाळ न्हाय, उशीर करतंय एवढंच." ती त्याच दुपारी मागावर बसली. ५ एप्रिल रोजी घोंगडे पुरे झाले. ते उतरवताना शिसाचे सील मी काढले. तिने काढलेले नाही. चिठ्ठी मी जपून ठेवली असून ती सोबत परत करत आहे.

१५. तेव्हा नम्र विनंती अशी की,

(अ) सदर घोंगडे देशात वापरण्याची परवानगी आपण द्यावी आणि शक्य असल्यास तिच्यावर २६ मार्च १९९९ ही तारीख घालावी. म्हणजे मी वाचले ते खरे होईल. मागील तारीख घालणे नियमात बसत नसेल तर आजची घालावी, ती वाचून दाखवताना मी सांभाळून घेईन.

(आ) परवानगी देता येत नसल्यास गुन्हा माझ्या एकट्याच्या नावे नोंदवावा. घटक म्हणजे मी आहे. फॉर्म मी भरला, उत्तर मी दिले नाही, सील मी काढले. कुशाबाई ही फक्त विणते. कारवाई १८ एप्रिलनंतर ठेवावी, मी कुठे जाणार नाही.

(इ) कारवाईसाठी श्री. रणपिसे किंवा अन्य कोणी आल्यास त्यांनी एवढेच करावे, की तो कागद कशाचा होता हे कुशाबाईला सांगू नये. तिला वाचता येत नाही. मी आठ वर्षांचा असल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद, तिच्या मालकांच्या मृत्यूची तार धरून, मीच तिला वाचून दाखवला आहे. "खरंच का?" असे तिने मला एकदाही विचारलेले नाही. ही तिसरी विनंती मान्य होणार असेल, तर पहिल्या दोन नामंजूर झाल्या तरी माझी तक्रार नाही.

१६. संदर्भ क्र. १ च्या पत्राचे उत्तर पुढीलप्रमाणे आहे : मी निर्यातदार नाही.

उशिरासाठी क्षमा मागून, आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,

धोंडीबा मारुती खारतोडे
सेवानिवृत्त ग्रंथालय सेवक

सोबत : १) 'केवळ निर्यातीसाठी' ही चिठ्ठी, शिसाच्या सीलसह.
२) पंचनाम्याची प्रत.
३) संदर्भ क्र. ३ चे निमंत्रण जोडता येत नाही. कुशाबाईने ते देव्हाऱ्यात ठेवले आहे.

ता. क. : हे कळसच्या पोस्टात उभे राहून लिहीत आहे. परिच्छेद १६ मधले वाक्य फार तुटक झाले आहे असे वाटून मी पाकीट पुन्हा उघडले होते. पोस्टमास्तर म्हणतात, "आबा, थैली बांधायची हाय. पुन्यांदा लिवनार असाल तर उद्या या." उद्या यायचे नाही असे मी ठरवले आहे. ते वाक्य आहे तसेच ठेवून रजिस्टर करत आहे.