बाबागाड्या आत घ्या!

सोमवार, ३ मार्च

मेलं मेंढरू, आणि झोप उडाली आमची!

सकाळीच हेन्रिएटेचा फोन. नगरपालिकेत आम्हा घरगुती पाळणाघरवाल्यांची देखरेख तिच्याकडे. "मेरेटे, आजपासून दुपारी पोरांना बाहेर झोपवायचं नाही. बाबागाड्या आत घ्या. पुढचं कळवेपर्यंत." मी म्हटलं, अगं, छान ऊन पडलंय बाहेर! तर म्हणते, "उन्हाचं नाही गं, लांडग्याचं."

शनिवारी फरच्या झाडांच्या रानापलीकडे एका शेतकऱ्याची मेंढी फाडलेली सापडली. कुणीतरी चिखलातल्या पंजाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. सकाळी एक लांडगा होता, रात्रीपर्यंत तीन झाले होते. त्यातला एक म्हणे शाळेजवळ राहतो.

तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळतेय. बर्फ पडो, वारा सुटो — दुलईत गुंडाळायचं, पट्टा बांधायचा, बाबागाडी बागेत. लहानपणी मी अशीच झोपले, माझी आईही अशीच झोपली. आता चार बाबागाड्या बैठकीच्या खोलीत! सोफा उभा करून भिंतीला लावला. चहाचं टेबल न्हाणीघरात.

मंगळवार, ४ मार्च

कुणीही झोपलं नाही. मी धरून.

गुरुवार, ६ मार्च

विग्गाचं काही खरं नाही. अकरा महिन्यांचं पोर, बाहेर ठेवलं की दोन मिनिटांत गुडुप. आत ठेवलं की छताकडे बघून किंचाळतं. तिचं बघून बाकीचे तिघे सूर धरतात. पावावर लिव्हरची पेस्ट लावून दिली तर ती माझ्या केसांत!

थिल्डे — तिची आई — न्यायला आली तर पोर रडून रडून जांभळी. मग आईही रडायला लागली. "मला कळतं गं मेरेटे, तिला बाहेरच झोप लागते. पण डोळे मिटले की मला दातच दिसतात. तू बाहेर झोपवलीस तर मी तिला आणणार नाही. आत झोपवलीस तर ती झोपत नाही. मी करू तरी काय?"

पाठीवरून हात फिरवला.

चौघांतल्या आक्सेलला घरच्यांनी आजपासून आजीकडे ठेवलंय. उरली तीन. विग्गाही गेली तर दोन, आणि हेन्रिएटे स्पष्टच बोलली, "दोघांसाठी तुझं पाळणाघर चालू ठेवता येणार नाही मला." एकसष्टाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? मला दुसरं काही येत नाही. आणि करायचंही नाही!

शनिवार, ८ मार्च

गावच्या सभागृहात सभा. आधी गाणं, मग लांडगा. आमच्याकडे घर जळत असलं तरी आधी सगळे मिळून एक गाणं म्हणतील. वसंताचं म्हटलं, तीन कडवी. मग कॉफी, केक आणि साप साप म्हणून भुई धोपटणं.

एकीला बसथांब्यावर लांडगा दिसला होता. ("बसची वाट बघत होता का?" मागून कुणीतरी. कुणी हसलं नाही.) एकाला शाळेभोवती दोन पुरुष उंचीचं कुंपण हवं. एकाने सांगितलं, तो आता बायकोला एकटी कचरा टाकायला पाठवत नाही. बायको म्हणाली, "खरं तर इतकी वर्षं तूच टाकायला हवा होतास!"

मी हेन्रिएटेला कोपऱ्यात गाठलं. लांडग्यांची माहिती असलेल्या कुणाला विचारलंत की नाही?

"विचारलं ना. तो म्हणाला, बाळांना धोका जवळजवळ नाहीच."

"मग उभी राहा आणि सांग!"

"अगं, मी 'जवळजवळ नाही' म्हणणार. ते फक्त 'जवळ' ऐकणार. नगरसेवकांना तर तेवढंही ऐकायचं नाहीये. नोव्हेंबरात निवडणूक आहे."

मला असा संताप आला! लोकांना खरं सांगायला काय होतं? सगळी मोठी माणसं आहेत. खरं सांगा, लोक पेलतात. तिला म्हटलंही तसं. ती केक खात राहिली.

शेवटी ठरलं काय, तर सव्वीस तारखेला नगरपालिका कायमचा निर्णय घेणार. तोवर बंदीच. तेवढ्यात आमचा शेजारी एगोन उठला. चौऱ्याहत्तरचा आहे, तीन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून दुकानातसुद्धा चार शब्द बोलत नाही. म्हणाला, "मेरेटेच्या बागेत मी बसतो पहाऱ्याला. माझ्याकडे बंदूक आहे."

टाळ्या! थिल्डेने तर त्याला मिठी मारली. हेन्रिएटे माझ्या कानात म्हणाली, "मोठं माणूस सतत शेजारी बसून असेल तर बाबागाड्या बाहेर चालतील. बंदुकीचं मी काही ऐकलेलं नाही."

मी ऐकलं होतं ना! पोरांशेजारी बंदूक! लांडग्याची मला भीती वाटली नव्हती, ती आता वाटायला लागली — एगोनची. पण हो म्हटलं. विग्गासाठी. आणि माझ्यासाठी, खोटं कशाला बोलू.

सोमवार, १० मार्च

झोपली! तिघंही! दोन तास!! विग्गाचा तो उघडा ओठ बघून मला हुंदकाच फुटला. एगोन घोंगडी पांघरून खुर्चीत, बंदूक मांडीवर, हूं की चूं नाही. कॉफी नेऊन दिली. "केक नाही?" म्हणाला. तीन वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

थिल्डेने विग्गाच्या दुलईत बाळाचा आवाज टिपणारा मॉनिटर ठेवलाय. तिला आणि येप्पेला, विग्गाच्या बापाला, कामावरून फोनवर ऐकू येतं. ऐकू देत बापडे.

बुधवार, १२ मार्च



मी आत बटाटे सोलत होते. अचानक गाडीचा आवाज — रस्त्यावर नाही, गवतावर! येप्पेची व्हॅन सरळ माझ्या कुंपणाच्या झुडपांतून आत. तो उडी मारून उतरला, हातात फावडं, तोंडाला फेस. "लांडगा! गुरगुरतोय! बाबागाडीच्या खाली आहे!" थिल्डेने फोनवर ऐकलं होतं, किंचाळत त्याला कळवलं होतं, आणि तो सुसाट आला होता.

एगोन दचकून उठला. समोर काय, तर फावडं उगारून धावत येणारा माणूस. त्याने बंदूक उचलली आणि रोखली.

मी दारात. मधे बाबागाड्या.

"एगोन!!" एवढंच ओरडता आलं मला.

काहीच झालं नाही. येप्पे थिजला. एगोनने बंदूक खाली केली. कुठे गुरगुर नाही, लांडगा नाही. थिल्डे येप्पेच्या फोनवर रडत होती, "काय झालं? कुणीतरी बोला ना!" मग येप्पेनेच हळूच विचारलं, "एगोन, तुला डोळा लागला होता का?"

एगोन कानापर्यंत लाल. घोरत होता! मॉनिटर हातभर अंतरावर. थिल्डेने ऐकला तो त्याचा घसा!

येप्पे गवतात बसला आणि हसायला लागला, हसता हसता रडायला लागला. मला हसू येईना. मी एगोनवर तुटून पडले, "गोळी सुटली असती म्हणजे? या पोरांमधून?" त्याने बंदुकीची नळी उघडून दाखवली. रिकामी.

"काडतुसं नाहीतच. माझी एल्से गेली तेव्हा मुलीने सगळी उचलून नेली. तिला माझी काळजी वाटायची."

"मग बसलास कशाला रे इथे?"

"आईबापांना बंदूक दिसली की पोरं झोपतात," म्हणाला. "आत काय आहे, कोण बघतंय?"

आधी झापलं, मग गळ्यात पडले. रिकामी होती. रिकामी होती! दिवसभर हेच घोकतेय. एवढ्या सगळ्या भानगडीत जिवावर बेतण्यासारखं एकच घडलं, आणि ते आम्हीच घडवलं.

तिन्ही पोरं ढिम्म. एकही जागं झालं नाही.

गुरुवार, १३ मार्च

थिल्डेकडे तो आवाज रेकॉर्ड झालाय, आणि तो आता गावभर. बेकरीत ऐकवला, पेट्रोल पंपावर ऐकवला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आमच्या पाठी एगोन! बेकरीवाली त्याला म्हणाली, "काय मग, आज मेंढी की पाव?" तो पाव न घेताच परत आला. मी त्याला केक नेऊन दिला. रुसून खाल्ला, पण दोन तुकडे खाल्ले.

खरं सांगते, तज्ज्ञ येऊन तासभर बोलला असता तरी हे झालं नसतं. लोक हसले आणि त्यांचे खांदे खाली आले. थिल्डे म्हणाली, "दात दिसायचे बंद झाले गं. आता नुसता एगोनचा उघडा जबडा दिसतो." कालच्या नुसत्या आठवणीने मात्र येप्पे अजून पांढरा पडतो. मीही.

मंगळवार, १८ मार्च

आक्सेल परत आला! आजीने म्हणे त्याला गोड खायची सवय लावलीय. लावू दे. चार झाली.

एगोन येतो अजून, बंदुकीशिवाय. कोडं सोडवत बसतो. आज आक्सेलच्या पायातून गळलेला मोजा त्याने हळूच परत चढवला. मला वाटलं नव्हतं त्याला जमेल.

बुधवार, २६ मार्च

बंदी उठली!!

हेन्रिएटेचा आवाज फोनवरसुद्धा हलका लागला. "उठवली गं, चक्क उठवली. एक नगरसेवक तर म्हणाला, आपण कधी घाबरलोच नव्हतो." कुंपणही बारगळलं. आणि माझं पाळणाघर चालू राहणार, तिने स्वतःहून सांगितलं, मला विचारावंही लागलं नाही.

आता कुठे सोफा खाली घेतला. टेबल न्हाणीघरातून काढलं. मग खिडकीशी उभी राहून बागेतल्या चार बाबागाड्यांकडे बघत राहिले. किती दिवसांनी छातीभर श्वास घेतला! थिल्डेने संध्याकाळी ट्युलिप आणले. पिवळे. म्हणाली, "तू होतीस म्हणून."

सोमवार, ३१ मार्च

आज लांडगा आला. खरा.

एगोन डॉक्टरकडे गेला होता. पोरं झोपलेली. मी दोरीवर दुपटी घालत होते. शेताकडच्या उघड्या बाजूला उभा होता — राखाडी, लांब पायांचा, हडकुळा. कुत्रा नव्हता. त्याने बाबागाड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या हातातले चिमटे पडले, तसा वळला आणि दुडक्या चालीने फरच्या रानाकडे निघून गेला.

पोरं उठेपर्यंत बाबागाड्यांच्या मधे ओल्या गवतात बसून होते. हेन्रिएटेचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.

संध्याकाळी थिल्डे आली. "झोपली ना गं नीट?"

"छान झोपली," मी म्हटलं.