मुक्ताच्या रॅपरला दिलेले गुण

पनवेल, गुरुवार, ऑगस्ट १९९४

कॅसेटच्या कागदावर गाण्याचे बोल मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापणाऱ्यांचा मी जाहीर निषेध करतो. भिंग घेऊनही डोळे दुखले. तरी माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, आवडत्या अमेरिकन रॅपरच्या चारही कॅसेटी आज ओळीने ऐकल्या आणि उत्तरपत्रिका तपासावी तसे दहापैकी गुण दिले. पहिलीला चार, खिडकीखालून न्हावा शेवा बंदराचे ट्रक जातात तेव्हाही इतका गोंगाट होत नाही. दुसरीला सहा. तिसरीला साडेआठ! काय तो अनुप्रास, आमच्या पाठशाळेतले गुरुजीसुद्धा डोलले असते. चौथीत आत्मस्तुती फार, म्हणून पाच.

निकाल कन्येला दाखवला.

"बाबा, चौथी सगळ्यात भारी आहे! कळतंय का काही?"

"फेरतपासणीचा अर्ज कर."

ती खो खो हसली आणि माझं भिंग घेऊन एकेक ओळ समजावत बसली. चांगला अर्धा तास. वर्षभरात इतकं बोललो असू का आम्ही?

चौथी साडेसातची आहे, हे पटलं. पण तोंडावर पाचच ठेवले. रविवारी ती शिकायला अमेरिकेला जाते. फेरतपासणीचा निकाल तिच्या पहिल्या फोनसाठी राखून ठेवलाय.

दुसऱ्या फोनला "जेवलीस का" यापुढे काय बोलायचं, याची मात्र मला आत्तापासूनच भीती वाटते.