रेणूची पत्रिका आणि राखाडी खिडक्या

३ फेब्रु.
रेणूच्या लग्नपत्रिकेला जुन्या कॉम्प्युटरवर बसले. फाइल उघडायला लावून भाजी फोडणीला टाकून आले, तरी पडद्यावरचं घड्याळ फिरतच. अक्षर दाबावं, ते रुसलेल्या पाहुण्यासारखं सावकाश यावं. नव्या लॅपटॉपवर माझे जुने फॉन्ट चालत नाहीत, नुसते चौकोन दिसतात. हे म्हणाले, "नांदेडला देऊन टाकू की. घंटाभरात करून देतेत." अर्ध्या कंधारच्या पत्रिका मी केल्या, आणि माझ्याच पोरीची नांदेडला? शनिवारी प्रेसला द्यायचीय. इथूनच देणार.

५ फेब्रु.
तिची लॅब सुटल्यावर लातूरहून रेणूचा फोन. "आई, त्याला ती सजावट झेपून नाही राहिली. सगळी काढ." माय कॉम्प्युटर, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स. सावल्या, सरकणारे मेन्यू, सगळ्या टिका काढल्या. शेवटी वॉलपेपर. म्हणजे तीच, दहावीतली, दोन वेण्या, किल्ल्यावर. म्हटलं, हा राहू दे गं. "काढ. मी येऊन राहिले ना पुढच्या आठवड्यात." काढला. जिवावर आलं.

मग पडद्यावरच्या खिडक्यांची निळी पट्टी गेली, बटनं राखाडी, चौकोनी. बघतच राहिले. बाबांनी घेऊन दिलेलं आमचं पहिलं मशीन अस्संच दिसायचं. नांदेडहून एसटीनं आणलं होतं, मॉनिटर मांडीवर. कंडक्टर सामानाचं तिकीट म्हणाला, तर बाबा, "मांडीवरच्या लेकराला कसलं तिकीट?" मला म्हणाले, "शिलाई मशीन कुणी बी देतंय. हे शिक." तेव्हा रेणू रांगायची. फार आठवण आली.

६ फेब्रु.
पळतंय! दाबलं की अक्षर हजर. नेहमीसारखी एक जुनी पत्रिका उघडून त्यातच नावं बदलत गेले. ह्यांनी प्रूफ वाचलं आणि हसत सुटले. हिमायतनगरच्या मामांच्या नावाआधी जुन्यातलं 'कै.' तसंच राहिलेलं. कालच मामा फोनवर जेवणात काय काय करायचं ते सांगत होते. "मामाला सांगू नको, न्हाईतर खरंच जातील," हे म्हणाले.

७ फेब्रु.
मामा जिवंत केले. दुसरं प्रूफ. ह्यांनी वाचलं, या वेळी हसले नाहीत. 'यांची नात' म्हणून जिथे आजोबांची नावं आहेत, तिथे बोट ठेवलं. माझ्या बाबांच्या नावाआधी 'श्री.' बाबांना जाऊन वर्ष होत आलं. जुन्या पत्रिकेत त्या जागी 'कै.' होतं, म्हणजे मीच काढलं असणार. कधी, आठवत नाही. दोन दिवस त्या राखाडी खिडक्यांपुढे बसलेय, बाबा मागे उभे राहून बघतायत असंच वाटत होतं.

"बदलावं लागंल," हे हळूच म्हणाले. "लोकं वाचतेत."

हो म्हटलं.

८ फेब्रु., शनि.
प्रेसवाल्याचा फोन येऊन गेला, दुपारपर्यंत पाठवा म्हणे. बाकी सगळं झालंय. ह्यांना म्हटलं, तेवढं तुम्ही करा. "तूच कर," म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

कर्सर बाबांच्या नावाआधी नेऊन ठेवलाय. 'श्री.' पुसायचं, 'कै.' दाबायचं. पूर्वी मशीन अडकायचं, तेवढा तरी वेळ मिळायचा. आता ते अजिबात थांबत नाही.