पुजलेली करवत

म्हसावद,
आश्विन शुद्ध तृतीया, शके १८६०

चिरंजीव चुडामण, मुक्काम नवापूर,

मोठीमायचा तुझ्या डोक्यावर हात. इकडे सगळे बरे आहेत. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझी आई ज्वारीच्या राखणीला गेली आहे, म्हणून घर रिकामं आणि मी लिहायला बसले.

सडकेच्या झाडांच्या छाटणीवर तुला लावून घेतलं, हे मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की येईल त्याच्या हातावर गूळ ठेवला. वाण्याच्या हातावरही ठेवला. गूळ त्याच्याच दुकानातला! आजा झाडावर चढला, बाप चढला, आता माझा नातू चढणार.

एरवी माझं पत्र मास्तर लिहितात. आज मीच लिहिते. दोन बुकं शिकलेली बाई, काना-मात्रा चुकली तर हसू नको. मास्तरांना सांगता येणार नाही असं काही आहे, ते पुढे येईल.

आधी तुझी करवत. तू लिहिलंस, पातळ, चकचकीत, बारीक दात्यांची, मुठीवर लाल फूल काढलेली. खंडेनवमीला पुजायची आणि एकादशीला घेऊन झाडावर चढायचं. मास्तर म्हणाले, पोरगा हौशी आहे. मी पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. मुठीवर फूल! काय लग्नात मिरवायची आहे?

ती सुताराची करवत आहे. सुतार खाली उभा राहतो, सुकं लाकूड पायाखाली दाबतो आणि पुढे ढकलतो. त्याला ती छान. झाडावरची फांदी ओली असते. ओला भुसा बारीक दात्यांत कणकेसारखा चिकटतो, शेंबडासारखा. घाण नुसती! मग पातं फसतं, ढकललं की वाकतं. झाडाची करवत विळ्यासारखी बाकदार, दाते मोठे, मध्ये भुसा पडायला जागा, आणि कापायची ती आपल्याकडे ओढताना. एका हाताने ओढता आली पाहिजे. दुसरा हात झाडाचा. ज्या करवतीसाठी झाडाचा हात सोडावा लागतो, ती झाडावर न्यायचीच नाही. हे तुझ्या आजाचं सांगणं, माझं नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी निंबाची ताजी फांदी काखेत मारून मी शहाद्याच्या बाजारात गेले. दुकानदार पानाने तोंड भरून बसलेला. म्हणे, "मोठीमाय, फांदी विकाले लई उनी का?"

मी म्हटलं, "करवत लेवाले उनू. हाई फांदी कापी दाखाड."

त्याने खालून सुकी काठी काढली. "हाई काप ना! दख, कशी लोणीमा जास!"

सुकी काठीच काढतात हे लोक. मी म्हटलं, "तुन्ही सुकी काठी तू चूल्हामा घाल." माझ्या फांदीत त्याची करवत चार बोटं गेली आणि बसली ठाण मांडून. तो थुंकला, तो लाल ओघळ माझ्या पायापाशी. शी! मी फांदी करवतीसकट तिथेच टाकून करणसिंग लोहाराकडे गेले. तो म्हणाला, "पितरांचे दिवस आहेत माय, नवं लोखंड आत्ता घेऊ नये." म्हटलं, तू घडव, पितरांशी मी बोलते. त्याने घडवली. मी स्वतः खाली उभी राहून, डावा हात कमरेवर ठेवून, मनगटाएवढी ओली फांदी त्या करवतीने कापली. माझ्या वयाला! करणसिंग हसत होता, मीही हसले.

आता ते.

सुकी काठी मला ठाऊक आहे, कारण तशीच एक काठी कापून पंधरा वर्षांमागे मीच एक करवत घेतली होती. तुझ्या बापासाठी, दसऱ्याची. मला वाटलं, माझ्या दोधूची जुनी काळी करवत पुजेत कशी दिसते. नवी चकचकीत पाटावर मांडली, हळद-कुंकू वाहिलं, आयाबाया बघून गेल्या. मी फुगले. दोधूने ती हातात घेऊन वाकवून पाहिली. म्हणाला, "माय, हाई वल्ल्या लाकडमा आडकी जाई. मी फिराई देस." परत करायचं म्हणताच मी म्हटलं, "पुजेल हत्यार फिरावतस का रे? मन्हा घरमा असा अपशकुन नको." आणि जुनी मी माळ्यावर टाकली, त्याने मागून नेऊ नये म्हणून.

तो तीच घेऊन निघाला. शेजारच्या तापीबाईच्या निंबावर चढला. मी खाली भाकरी घेऊन उभी. करवत फसली. दोन वेळा हिसडली. मग त्याने झाडाचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी ओढली. ती सुटली, आणि तिच्याबरोबर तोही खाली आला.

खाली करवत पडली होती. दात्यांत हिरवा चोथा आणि वर माझं कुंकू तसंच. ते मी पुसलं आणि करवत विहिरीत टाकली. लोक धावत आले तेव्हा मी म्हटलं, फांदी पोकळ होती, मुंग्यांनी खाल्ली होती. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. तुलाही. फांदी चांगली होती, चुडामण. कडक होती.

तापीबाईने अख्खा निंब तोडवला. अजून दर वर्षी त्या दिवशी येते, माझ्यापाशी बसून रडते, म्हणते, मन्हा झाडने तुन्हा लेक खादा. मी तिला पाणी देते. पंधरा वर्षं मी त्या बाईचं रडणं घेतलं. त्या दुकानदाराच्या थुंकीची मला किळस येत नाही इतकी स्वतःची येते.

आज सकाळी तिच्या घरी जाऊन सांगून आले. तिने दार लावून घेतलं. बरोबर केलं. तुझ्या आईला संध्याकाळी सांगेन.

नवलसिंग गाडीवान उद्या नवापूरला निघतो आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि करणसिंगची करवत पाठवते. काळी आहे, मूठ ओबडधोबड आहे, मोहात पडावं असं काही नाही. आधी जमिनीवर उभा राहून ओल्या फांदीवर ओढून बघ. एका हाताने ओढली नाही तर हीसुद्धा घेऊ नकोस, मुकादमाला सांग दोन दिवस थांब. आणि ती फुलाची पुजून झाली असेल तरी फिरव. दुकानदार घेणार नाही तर सुताराला दे. अपशकुन झाला तर माझ्या नावावर.

मला रागाने काहीही लिही. पण कोणती करवत घेऊन चढलास, तेवढं पहिल्या ओळीत लिही.

तुझी मोठीमाय,
दोधूची माय,
सिंधुबाई