गळ्यावरचा हात

३ फेब्रुवारी १९६४, श्रीवर्धन

म्हसळ्याहून एसटीने येताना हाडं खिळखिळी झाली, पण आगर पाहिलं आणि शीण गेला. पोफळींच्या सावलीत घर, अंगणात वाळत घातलेली सुपारी, मागे समुद्राची गाज. मुंबईच्या इस्पितळात दोन वर्षं वाचाउपचार शिकले. रुग्णाच्या घरी राहून करायचं हे पहिलंच काम. या घरच्या कोकिळाबाईंनी पत्रात माझंच नाव घालून मला बोलावलं होतं. दोघींचं नाव एक, याची त्यांना फार मौज. एका घरात दोन कोकिळा नकोत म्हणून मी इथे नुसती 'बाई'. चालेल, नाव काय डोक्यावर घेऊन नाचायचंय?

रुग्ण त्यांचे यजमान, हरेश्वरपंत. अर्धांगाने उजवी बाजू आणि वाचा गेली. गेल्या वर्षी थोडं बोलू लागले होते, दुसऱ्या झटक्यात तेही गेलं. स्वयंपाकाला काशी आहे, ती मुकी. जमलं तर तिच्याकडेही बघेन. वानरं शिरतात म्हणून दोन्ही दारांना सदा कुलूप असतं.

५ फेब्रुवारी

माझी पद्धत साधी. वस्तू दाखवायची, रुग्णाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि शब्द म्हणायचा. कंप बोटांना कळला की जीभ वाट शोधते. आज तबकात चावी, बटाटा, पाव आणि दिवा ठेवला. पंत महाहट्टी. हात काढून घेतात, ओठ मिटतात, डोळ्यांत पाणी आणतात. असे रुग्ण आम्हाला नवे नाहीत, त्यांना लाज आडवी येते. मी हात दाबून धरला. पाचव्या खेपेला म्हणाले, "चावी." मला काय आनंद झाला! कोकिळाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

९ फेब्रुवारी

एकोणीस शब्द झाले. शिकवणारे गुरुजी म्हणायचे, एकटीला झेपायचं नाही. आता बघा म्हणावं.

कोकिळाबाईंनी मन मोकळं केलं. यजमानांनी त्यांचं नाव एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. मग चाळीस वर्षं 'अहो' आणि 'अगं'. एकदा ते पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकायचंय, एवढीच आस. मला भरून आलं. मी शब्द दिला.

सकाळी काशीकडे भाजी मागताना एक नाव आठवेना. टोपलीतलं ते मातकट, गोल. थकले असेन.

१२ फेब्रुवारी

समुद्रावर जावंसं वाटलं. कुलूप उघडायचं ते लोखंडी मागायला गेले आणि तोंडात काही येईना. हाताने खूण केली. कोकिळाबाई म्हणाल्या, काम झाल्यावर जा.

बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की काशी पूर्वी जात्यावर ओव्या म्हणायची. गेल्या वर्षी पंतांना तीच बोलायला शिकवत होती.

काशीने मला चुलीपाशी गाठलं. स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, मग माझ्या, आणि जोरजोरात मान हलवली. कळलं. सगळं कळलं. ते हट्टी नव्हते. मला वाचवत होते, आणि मीच त्यांचा हात दाबून —

१५ फेब्रुवारी

शिकवणं बंद केलं. तरी कोकिळाबाई येऊन बसतात, पंतांचा हात माझ्या गळ्यावर दाबतात, मला चिमटे काढतात. ओरडले की ओरडण्यातलं काहीतरी जातं.

त्या न्हायला गेल्या तेव्हा पंत डावा हात स्वयंपाकघराकडे करून सारखं म्हणत होते. तसेच आवाज लिहून ठेवते. चावी. बटाटे. चावी. बटाट्यात. मागच्या पानावर हीच अक्षरं आहेत, माझ्याच हातची. अर्थ लागत नाही.

मी त्यांना पाणी आणून दिलं. ते रडले.

१६ फेब्रुवारी

जाऊ द्या म्हणून कोकिळाबाईंच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, आता एकच राहिलंय. काशीच्या तोंडून माझं नाव दिलं होतं, टिकलं नाही. ज्याचं त्यानेच द्यावं लागतं.

तुम्हीच का नाही दिलंत, विचारलं.

"मी दिलं असतं, तर त्यांच्या हाकेला ओ कुणी दिली असती?"

उद्या सकाळी. पंत दात आवळून बसलेत. नाव सांगायचं नाही. को. कि. ळा. मनातच —

१७ — सकाळ

काशी रडते. का

गळा दुखतो. निळं झालंय, बोटांचं

पलीकडे ते हाक मारतायत. रडत. तीन अक्षरं. त्या ओ देतात, हसतात, पुन्हा म्हणा म्हणतात

गोड आहे हाक. ऐकली की काळजात हलतं. उठून ओ द्यावीशी

पण मी कोण म्हणून —