डाव्या पायाचा बूट

शाम शुई पो, हाँगकाँग
१२ मार्च २०२४, मंगळवार

प्रिय ताई,

तू बरी असशील, टोरोंटोचा बर्फ आता उतरणीला लागला असेल आणि गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. खोक्यांच्या मधे जमिनीवर बसून लिहितेय, म्हणून अक्षराला हसू नकोस. शाळेतल्या सिस्टर बेनेडेटांनी हे पान पाहिलं असतं तर तिथल्या तिथे फाडलं असतं.

सकाळपासून एकच दुपार डोळ्यांसमोर येतेय. रविवार. आपण दोघी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, मांडीवर जुनं वर्तमानपत्र आणि हातात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. भातमासे. सगळं हाँगकाँग त्यांना त्या चिमुकल्या पांढऱ्या माशांच्याच नावाने ओळखायचं, पण मला वाटायचं हे आपल्याच घरातलं नाव आहे. सोमवारी सिस्टर रांगेत उभं करून बूट बघायच्या, म्हणून तू खडूची पूड पाण्यात कालवून लावायचीस आणि मी जुन्या टूथब्रशने शिलाईत भरायचे. खाली जिन्याखालच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात बाबांचा हातोडा ठक ठक चालू असायचा. तू म्हणालीस, "लान, बूट पांढरे करायचेत गं, केक सजवायचा नाहीये." मला इतकं हसू आलं की ते खडूचं पाणी तुझ्या झग्यावर सांडलं. तू ओरडलीससुद्धा नाहीस. त्या दुपारी बाकी काही घडलं नाही. तरी ती सारखी का आठवावी?

आता बातम्या. इमारत पाडणार हे तुला कळवलंच होतं. परवा, गुरुवारी, सामान न्यायला माणसं येतील. नवी जागा डोंगराच्या बाजूला आहे, एका खोलीची, पण लिफ्ट आहे. बाबांचं दुकान बंद होऊन तेहेतीस वर्षं झाली तरी जिन्याखालचं त्यांचं लाकडी कपाट मी कुणाला हलवू दिलं नव्हतं. आता हलवावंच लागणार. त्यातलं तुला काय हवं असं मी विचारलं, आणि तुझा फोनवर निरोप आला, "बाबांचं काहीही नको. टाकून दे." पाच शब्द. मी ते पुन्हापुन्हा वाचले.

मधेच उठून चहा केला. भिंतींना घाम फुटलाय. तुला आठवतात ना हे मार्चचे दिवस? फरशी ओली, आरसा ओला, उशीसुद्धा ओली.

दुसरी बातमी ऐकून तू हसशील. मी परत टेबल टेनिस खेळते. गेल्या जूनपासून. डॉक्टर म्हणाले, तोल जातोय, पायांना काम द्या. मी आपल्या भागातल्या क्रीडाकेंद्रात नाव घातलं. तिथे युंग सर शिकवतात. जन्मभर दुमजली बस चालवली, आता आम्हा म्हाताऱ्यांना चालवतात. माझी जोडीदार टोंगबाई. बाजारात तिचं टोफूचं दुकान आहे, आवाज असा की पलीकडच्या टेबलावरची माणसं सर्व्हिस करायची थांबतात.

पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं. "बाई, हे काय घातलंय?"

"चालायचे बूट. मुद्दाम मऊ घेतले."

"दोन उशांवर उभ्या आहात तुम्ही. खाली जमीन आहे की समुद्र, कळतं तरी का?"

टोंगबाई लगेच म्हणाली, "सर, तिच्यावर पडायची वेळ आली तर बरंच आहे ना, उशी बरोबरच आणलीय!"

पण मला नवे बूट घ्यायचे नव्हते. गुडघे, वय, पैसे, हजार सबबी सांगितल्या. सात महिने त्या उशांवरच सराव केला. सर जमिनीवर खडूने चार फुल्या काढायचे, आणि आम्ही दोघींनी चेंडूशिवाय नुसतं फिरायचं. मारा, मागे व्हा, बाजूला व्हा, जोडीदाराला वाट द्या. तू मला हेच शिकवायचीस. दुहेरीत एक चेंडू माझा, पुढचा तुझा. माझा मारून झाला की मी तिथे असता कामा नये.

नोव्हेंबरात ज्येष्ठांच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलो. सरांनी फोनवर सगळा सामना टिपला होता. दुसऱ्या दिवशी तीन तास तो मागेपुढे करून आम्हाला दाखवला. टोंगबाई सर्व्हिसच्या आधी जीभ बाहेर काढते हे कळलं, आणि ती दोन दिवस तोंड मिटून बसली. मग सरांनी माझ्यावर बोट ठेवलं.

"बघा. मारलात, छान मारलात. आता बघा."

पडद्यावर मी बॅट वर धरून उभी. हलत नाही. टोंगबाई मागून येतेय आणि तिला जायला जागाच नाही.

"परत दाखवतो. इथे. आणि इथे. एकवीस वेळा मोजलंय मी. बाई, तुम्ही स्वतःचा मारलेला चेंडू बघत उभ्या राहता."

"नवीन खोड दिसतेय," मी म्हटलं. "वयामुळे असेल."

युंग सर म्हणाले, "पायांची खोड म्हातारपणी लागत नाही. ही जुनी आहे."

त्या दिवसापासून मला बसवत नाही, ताई. भांडी घासताना उठते, देवळात मधेच उठून बाहेर येते. रोज सकाळी केंद्राच्या दारात सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहते, टेबल मिळावं म्हणून. टोंगबाई म्हणते, "हिला ऑलिंपिकचं बोलावणं आलंय, आपल्यापासून लपवतेय." लपवतेय एवढं तिचं खरं.

शेवटी जानेवारीत बूट घेतले. टेबल टेनिसचेच, पातळ सोलचे. पहिल्यांदा घालून उभी राहिले तर काय सांगू, फरशीचा सांधा कळला. पडलेला रबराचा तुकडा कळला. महिन्याभरात माझा खेळ सुधारला, सरसुद्धा म्हणाले. आणि मग फेब्रुवारीत एक दिवस चांगला फटका लागला, मी बघत राहिले, आणि माझ्या उजव्या पायाखाली टोंगबाईचा पाय आला.

"अगं मेले! माझ्या पायाचा टोफू केलास!" ती एका पायावर नाचत होती, सगळे हसत होते. सर म्हणाले, "लागलं नाही ना?" मी मात्र तिथेच गोठले. कारण तो स्पर्श माझ्या ओळखीचा होता. पायाखाली बुटाची टाच, तिची धडपड, आणि आपला पाय उचलायला लागलेला तो एक क्षणाचा उशीर.

कपाट मी आज सकाळी उघडलं. चामडं कापायची रापी, टोचायची आरी, बुटांचे लाकडी फर्मे, सोल चिकटवायच्या सोल्युशनचे वाळून दगड झालेले डबे. सगळ्यात खालच्या खणात तुझा डावा भातमासा. एकच. सोबत वर्तमानपत्रावर पेन्सिलने काढलेलं तुझ्या पावलाचं माप. बाबांनी तो पन्नास वर्षांपूर्वीचा बूट ठेवला होता, ताई, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही मी तो खण कधी उघडला नव्हता. मला माहीत होतं आत काय असेल.

तुला तो शनिवार माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. शाळाशाळांच्या मुलींचा दुहेरीचा अंतिम सामना. असाच मार्च, सभागृहाची फरशी अशीच घाम फुटलेली. आपल्याला आई नव्हती, बाबांनाच आठवडाभर त्या फरशीचा घोर. ते शाळेत येऊन ती हाताने चाचपून गेले. मग आपल्या दोघींच्या बुटांना त्यांनी स्वतः कापलेले मऊ रबराचे सोल लावले. सोल्युशन दमट हवेत वाळेना म्हणून बूट स्टोव्हपासून हातभर अंतरावर धरून बसले होते. दुकान बंद करून सामन्याला आले, पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत.

शेवटचा डाव, एकोणीस-एकोणीस. मी जन्मात मारला नसेल असा फटका मारला. तो टेबलाच्या कोपऱ्याला लागला. आणि मी बघत राहिले. त्या मुलीने कसा कोण जाणे परत केला, तू माझ्या बाजूने झेपावलीस, आणि तुझ्या डाव्या टाचेवर माझा उजवा पाय होता. तू पुढे गेलीस, बूट मागे राहिला. गुडघ्याचा आवाज मी ऐकला.

बाबांचा सोल आपोआप निघाला नव्हता, ताई. मी त्यावर उभी होते.

सगळे धावले. मला ढकलून मागे केलं. बाबांनी बूट उचलला, टाचेशी सोल उचकटलेला पाहिला, आणि म्हणाले, "कच्चं राहिलं. हवा ओली होती. माझंच चुकलं." इस्पितळात तू त्यांना म्हणालीस, "बाकीच्यांचे बाप दुकानातून बूट आणतात." तू सतरा वर्षांची होतीस, हाँगकाँगच्या संघाच्या निवडीचं पत्र तुझ्या दप्तरात होतं, आणि डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आता धावणं विसरा. मी तुला दोष देत नाही. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. बोलले नाही.

त्यानंतर बाबांनी खेळाचे बूट दुरुस्तीला कधीच घेतले नाहीत. कुणी आणले की म्हणायचे, "हे आमच्याकडे होत नाही," आणि समोरच्या गल्लीतला पत्ता द्यायचे. तू टोरोंटोला गेलीस, पत्रं मला लिहिलीस, त्यांना नाही. त्यांच्या अंत्यविधीलाही आली नाहीस.

आणि एक राहिलं. हे लिहिण्यापूर्वी मी तीनदा उठले.

सामन्यानंतर आठवड्याने आम्ही दोघं पेज खात होतो. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "लान, तू अगदी शेजारी होतीस. तुला काही दिसलं का?"

मी म्हटलं, "नाही बाबा. मी चेंडूकडे बघत होते."

ते खरंच होतं. म्हणून मला ते इतकी वर्षं वापरता आलं. बाबा मान हलवून परत पेज खायला लागले. त्यांनी बूट पाहिला होता, ताई. सोल आपोआप सुटला तर टोकाकडून सुटतो, हा टाचेशी ओढून फाटलाय. चाळीस वर्षं सोल लावणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल? मला खात्री नाही. कळलं असेल तर त्यांनी माझ्यासाठी ते स्वतःवर घेतलं. कळलं नसेल तर ते आपलाच हात चुकला असं मानून जगातून गेले. यातलं कोणतं बरं, ते मी ठरवू शकत नाही.

परवाच्या रविवारी आमचा सामना होता. उपांत्य फेरी. हरलो, पण युंग सरांनी फोन उघडून दाखवला, मी सबंध सामन्यात एकदाही वाट अडवली नाही. टोंगबाई म्हणाली, "आता हिच्याबरोबर खेळायला विम्याची गरज नाही." सगळ्यांनी दुधाचा चहा घेतला. मी घरी आले आणि कागद काढला. पाय हलायला चौसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

आता गुरुवारच्या आधी ठरवायचं ते लिहिते.

फर्मे आणि हातोडा बाजारातल्या बूट दुरुस्तीवाल्या लाऊकडे जातील, तो ते वापरेल. आरी माझ्याकडे राहील. माझे चालायचे मऊ बूट टोंगबाईला, ती म्हणते तिला टोफू विकताना उभं राहायला हवेत. आपलं उपविजेतेपदाचं पदक मी चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, बाबांच्या समाधीशी नेईन, धूप लावेन, आणि या पत्राची नक्कल त्यांना मोठ्याने वाचून दाखवेन. तिथे गर्दी असेल. असू दे.

डावा बूट आणि तुझ्या पावलाचं माप या पार्सलमध्ये आहे. तू नको म्हटलं होतंस, तरी पाठवतेय. टाकायचं असेल तर आधी टाचेशी बघ आणि मग टाक. फाटलंय तेवढं सोडून बाकी सगळीकडे सोल्युशन अजून धरून आहे. मी नखाने ओढून पाहिलं, निघत नाही.

आणि तुझा राग, जो इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता, तो त्यांच्याकडून काढून घे. नवीन पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. तिथे मी एकटीच राहते.

पाय उचलायला उशीर झालेली,
तुझी धाकटी,
युत-लान