अंबडचं भूषण

२० ऑक्टोबर १९९६, संध्याकाळ
भोकरदनकडचे पोहे पार पडले. मुलगी बेबीनंदा, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. बाहेरच्या खोलीत पुरुष मंडळी, बायका सगळ्या दाराआड. तिनं मान वर करून सरळ विचारलं, क्लास कसा चालतो? मी उत्तर इंग्रजीत सुरू केलं. तातेराव मामा उठून चपला घालायला लागले तेव्हा थांबलो. ती हसली. इम्प्रेस झाली असणार.
मला फार आवडली. हे इथंच ठेवतो.
येताना एसटीत मामा म्हणाले, "मच्छिंद्र, पाव्हणे आता चौकशी करतेल. कोण येईल, कवा येईल, कळायचं न्हाई. सलूनात इचारतेल, हाटेलात इचारतेल. नीट ऱ्हा."
क्लासमध्ये सध्या रेप्युटेशनवरच्या इडियम्सचंच चॅप्टर चालू आहे. 'युवर रेप्युटेशन प्रिसीड्स यू.' माणूस पोचायच्या आधी त्याचं नाव पोचतं. मग नावाला असं अंघोळ न घालता कशाला पाठवायचं?

२१ ऑक्टोबर
मजकूर तयार केला. 'मच्छिंद्र सर म्हणजे अंबडचं भूषण. निर्व्यसनी, मितभाषी, इंग्रजीवर कमांड. असा माणूस तालुक्यात दुसरा नाही.' छोटा आणि भारदस्त. चौकशी जिथं जिथं होते तिथं तिथं हाच ऐकू आला पाहिजे.

२३ ऑक्टोबर
सलूनवाल्या कचरूला मजकूर दिला. "मितभाषी म्हंजी?" म्हणाला. म्हटलं, कमी बोलणारा. मग 'मित' म्हणजे काय, इंग्रजीत त्याला काय म्हणतात, मोठी माणसं कमी का बोलतात, हे समजावलं. तोवर त्याच्या दोन गिऱ्हाइकांच्या दाढ्या उरकल्या. कचरू म्हणाला, "ध्यानात आलं सर. बिलकुल कमी बोलता तुम्ही."
भुजंगच्या हॉटेलात 'गिव्ह अ डॉग अ बॅड नेम अँड हँग हिम' समजावून सांगितलं. तो कपबशी विसळत म्हणाला, "म्हंजी आपलं, बद अच्छा बदनाम बुरा." एका झटक्यात उरकलं! डेप्थ म्हणून नाही. शिवाय मजकुरात 'आईचे पाय दाबतो' हे घाला म्हणाला. म्हटलं, नको. इमेजला शोभत नाही.

२६ ऑक्टोबर
तंबाखू आजपासून बंद. कायमची. डबी क्लासखालच्या पिठाच्या गिरणीमागच्या उकिरड्यावर फेकली.

२७ ऑक्टोबर
डबी शोधून आणली. कचऱ्यात पत्रा टाकणं गुरांना धोक्याचं. पोट साफ नव्हतं म्हणून एक चिमूट घेतली. ते औषध झालं, व्यसन नव्हे.
पोरं रस्त्यात 'येस-नो मास्तर' म्हणून ओरडतात. आईला वाईट वाटतं. मी तिला 'हाऊसहोल्ड नेम' समजावून सांगितलं. ज्याचं नाव घराघरात पोचलं तो. आई म्हणाली, "पोचलंय खरं."

३१ ऑक्टोबर
स्टँडवर सफारीतला एक अनोळखी गृहस्थ. बॅग, चष्मा, लोकांना पत्ते विचारतोय. ओळखलं! सहज भेटल्यासारखं करून भुजंगकडे नेलं. भुजंगनं चहा ठेवता ठेवता मजकूर बिनचूक म्हटला. शेजारच्या टेबलावरच्यानंही म्हटला, त्याला मी शिकवलेलाच नाही. म्हणजे नाव पसरतंय. गृहस्थ खूष दिसले, माझी जन्मतारीख विचारली. पत्रिकेसाठी असणार. मग बॅगेतून फॉर्म काढला.
विमा एजंट निघाला. भूषण म्हणून घेतल्यावर नाही म्हणता येईना. सही केली.

५ नोव्हेंबर
बॅचमध्ये आता तिघंच उरले. क्वालिटी राखायची तर गर्दी चालत नाही.
दुपारी एक म्हातारी जिना चढून वर आली. खाली गिरणीत दळण टाकलं होतं, नंबर लागेपर्यंत टेकते म्हणाली. बसू दिलं, पाणी दिलं. कोणत्या गावच्या विचारलं तर म्हणाली, "हितलीच समज." ती एकेक विचारत गेली आणि मी सांगत गेलो. मितभाषीपणा चारचौघांत पाळायचा, म्हातारीपुढे काय?
लग्न ठरतंय म्हटलं. "पोरगी कशी हाय?" म्हटलं, नोकरीवाली. तिच्या पगारात शेजारची खोली घेता येईल, कूलर येईल, टेपरेकॉर्डर येईल, क्लास कुठल्या कुठं जाईल. म्हातारी म्हणाली, "अन् तिला काय पायजे ते इचारलंस का बाबा?" अडाणी माणसाला प्लॅनिंग कळत नाही. तिची चंची उघडी होती. राहवलं नाही, तंबाखूची चिमूट मागून घेतली.
मग सुचलं. म्हातारीचं तोंड चार दारी फिरणार. तिलाही मजकूर शिकवला. 'भूषण'ला अडखळली, पण शेवटी पाठ झाला. जाताना म्हणाली, "सांगते बाबा. जिथं सांगायचं तिथं बराबर सांगते."
अ फेदर इन माय कॅप. शिरपेचात आणखी एक तुरा.

१० नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
चौकशीला अजून कोणी आलं नाही. बहुतेक नावाची कीर्तीच ऐकून चौकशीची गरज वाटली नसावी. पेंटरला नव्या बोर्डाचं सांगून ठेवलं. 'प्रेस्टीज इंग्लिश स्पीकिंग. प्रिन्सिपल: मच्छिंद्र सर. व्हाइस प्रिन्सिपल: सौ. बेबीनंदा.' तिचं नाव जरा मोठ्या अक्षरात लिही म्हटलं. सरप्राइज.

१६ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न झालं की तारखा सुरू. मामांचा निरोप नाही. निरोप नसणं हा चांगला निरोप.
तंबाखू लग्नाच्या दिवसापासून बंद. अर्धवट काहीतरी करण्यापेक्षा एकदाच ठाम.

१९ नोव्हेंबर
मामा आले. चहा नको म्हणाले, तेव्हाच आई ओट्याशी बसून राहिली.
"गोजरबाई म्हणून पोरीची आत्या हाय. तिनंच लहानाची मोठी केली. चौकशीला तीच आल्ती, दळण घेऊन."
मी म्हटलं, मग? तिनं तर मजकूर...
"म्हनून दाखवला की. समद्या घरासमोर उभं राहून म्हनून दाखवला, भूषणापासून. कूलरचं बी सांगितलं. तंबाखूचं बी."
मी विचारलं, बेबीनंदा हसली का?
"न्हाई," मामा म्हणाले. "ह्या बारीला न्हाई हसली."
मग जायला उठले आणि दारात थांबले. "तुह्याकडं यायच्या आधी म्हातारी समद्या गल्लीत फिरल्ती. बायांनी सांगितलं, येस-नो मास्तर बोलतो लई, पण भोळा हाय, कुणाच्या वाटंला जात न्हाई, सांजच्याला आईचे पाय दाबतो. तेवढ्यावर त्यांचा होकार ठरल्ता. म्हातारी वर आल्ती ती निस्तं तोंड बघायला."
आई उठून कणीक मळायला लागली.
चॅप्टर पुन्हा काढून बसलो. 'बॅड नेम' मला लागू होत नाही. नाव वाईट नव्हतंच. ज्याचं नाव चांगलं असून त्यानं स्वतःच धुऊन टाकलं, त्याच्यासाठी पुस्तकात इडियम सापडला नाही. फार वाईट वाटतंय. तिनं क्लासचं विचारलं होतं तेव्हा चार शब्दांत सांगायला हवं होतं, की फारसा चालत नाही.

२० नोव्हेंबर
पेंटरकडे गेलो. बोर्ड तयार होता. तिचं नाव खरंच मोठं काढलंय त्यानं. उलटा करून घरी आणला, आईनं तो तुळशीमागच्या भिंतीला टेकवून ठेवला.
दाढी वाढली होती म्हणून सलूनात गेलो. कचरूला काही कळलेलं नव्हतं. बाकावर परगावचं कोणी बसलेलं. मला बघताच कचरूनं वस्तरा थांबवला आणि त्या माणसाला ऐकवलं, "मच्छिंद्र सर म्हणजे अंबडचं भूषण. निर्व्यसनी, मितभाषी, इंग्रजीवर कमांड. असा माणूस तालुक्यात दुसरा नाही." एक शब्द चुकला नाही.
नंबर लागल्यावर मी खुर्चीत बसलो. त्यानं साबण लावला, एक गाल झाला, दुसरा झाला.
"सर," कचरू म्हणाला, "तब्येत बरी न्हाई का? आज काहीच बोलून न्हाई राह्यले."